ऋतू सहा, घाम एक

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे का लावायचे, याचे कारण माझी आई दरवर्षी तेच सांगत असे. थंडी सुरू होते, कातडी फुटते, म्हणून पूर्वजांनी ही सोय करून ठेवली आहे. हे सांगत असताना तिच्या स्वतःच्या कपाळावरून घाम ओघळत असायचा, आणि पाटावर बसलेल्या माझ्या पाठीवर उटणे आधी भिजायचे ते पाण्याने नव्हे, तर घामाने. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, पहाटे साडेचारला, बंबात पाणी उकळत असताना थंडी कुठून यायची? पुण्याच्या मावशीचे पोस्टकार्ड मात्र त्याच सुमारास येई. त्यात हटकून एक ओळ असे, की इकडे गारठा पडू लागला आहे. ते वाचून वडील कार्ड बाजूला ठेवीत, पंचाने मान पुसत आणि म्हणत, "आपल्याकडे ऋतू सहा, पण घाम एक."

वडिलांचे हे वाक्य मी पुढे अनेक ठिकाणी माझे म्हणून खपवले. आज पंचाहत्तरी उलटल्यावर त्याची परतफेड करावी असे मनात आले आणि या घामाचा थोडा इतिहास शोधू लागलो. लढायांचा इतिहास असतो, राजांचा असतो, मग घामाचा का नसावा? समुद्राकाठच्या या दमट पट्टीत माणसे शेकडो वर्षे राहिली, हसली, लग्नकार्ये उरकली, ती काही उगीच नव्हे. त्यांनी काहीतरी युक्त्या केल्या असतील. शोधता शोधता युक्त्या सापडल्याच, पण त्यांच्याबरोबर एक अवघड प्रश्नही हाती लागला. तो शेवटी सांगेन.

आधी घामाचीच बाजू मांडू. आमच्याकडे मे महिन्यात नागपूरचे एक नातेवाईक येत. घरात पाऊल ठेवताच ते विचारीत, "इथला पारा किती?" तेहतीस-चौतीस म्हटले की खदखदा हसत. त्यांच्या गावी पंचेचाळीस! आम्ही ओशाळून गप्प बसत असू. दुसऱ्या दिवशी दुपारी हेच गृहस्थ बनियन पिळून गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालताना दिसत, आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची चौकशी करीत. जाताना म्हणत, "आमचे ऊन भाजते, तुमचे ऊन शिजवते." यापेक्षा नेमकी व्याख्या मी कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली नाही.

कारण उघड आहे. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल तर ती घाम चटकन पिऊन टाकते. समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने टम्म फुगलेली, ती आणखी किती पिणार? म्हणून वऱ्हाडात खिडकीला वाळ्याचा ताटवा लावून त्यावर पाणी शिंपडले की खोली गार होते. तोच ताटवा मुंबईत लावला तर वास सुरेख येतो आणि उकाडा तसाच राहतो. आमच्याकडे पाण्याने भागत नाही, वारा लागतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा या वाऱ्याचीच आहे.

माझे आजोळ रेवदंड्याला. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे आणि तिथून एस. टी.ने अलिबागवरून पुढे. नारळी-पोफळीच्या वाडीत आजीचे घर होते. त्या घराकडे आज पाहिले म्हणजे कळते, की ते बांधणाऱ्या अनाम गवंड्याला हवेचे शास्त्र पुरेपूर ठाऊक होते. छप्पर उतरते आणि इतके खाली आलेले, की पडवीत शिरताना मोठ्या माणसाला मान लववावी लागे. ऊन भिंतीपर्यंत पोचत नसे आणि पावसाची झडही. जमीन शेणाने सारवलेली. पुढचे दार, माजघराचे दार आणि मागचे दार एका रेषेत. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला, की तो ओटीवरून शिरे आणि परसात निघून जाई. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, मग वारा उलट फिरतो आणि मतलई होतो. कोळ्यांची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडे आणि दुपारी खाऱ्यावर परत येई. एकाच वाऱ्याच्या येरझाऱ्यांवर एका गावाचे पोट आणि दुसऱ्याची झोप अवलंबून होती.

उन्हाळा हा आजीच्या लेखी सुखाचा ऋतू नव्हे आणि दुःखाचाही नव्हे. तो बेगमीचा ऋतू. पापड, कुरडया, सांडगे, आंबोशी, आमसुले, फणसाची साठे, मिरच्या, हळद, चिंच, कोळणीकडची सुकट आणि सुके बोंबील हे सारे मृगाच्या आत वाळून, डब्यात बंद होऊन, माळ्यावर चढायला हवे. लाकडे रचायला हवीत. कौले चाळायला हवीत. आजीच्या घरावर मंगळुरी कौले होती. ही कौले म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला मिळालेले मोठेच वरदान. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरास त्यांचा कारखाना काढला आणि पुढे गलबतांतून ती किनाराभर पसरली. त्यापूर्वी नळीची कौले, आणि गरिबाच्या घरावर गवत नाही तर झाप.

पावसाचे वेळापत्रक आजीला तोंडपाठ होते. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, प्रत्येकाचे तेरा-चौदा दिवस. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनांचा. प्रत्येक नक्षत्राचे वाहनही पंचांगात दिलेले असे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला, तर पाऊस चांगला. गाढव आले, की आजी कपाळाला हात लावी. मी शाळेत चार बुके शिकल्यावर तिची थट्टा करू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "अरे बाळा, गाढव खरे का खोटे ते मला नको सांगूस. भात पेरायचे कधी आणि लावणी संपवायची कधी, एवढे माझ्या ध्यानात राहते की नाही?" राहत होते हे खरेच. वाहन ही कल्पना असेल, पण सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे हे गणित होते. त्या गणितात एक बारीक फरक मात्र पडत जातो. सुमारे सत्तर वर्षांत ही नक्षत्रे ऋतूंच्या मानाने एका दिवसाने पुढे सरकतात. एका माणसाच्या आयुष्यात एक दिवस! आजीला त्याची फिकीर करण्याचे कारण नव्हते.

पावसाळा ज्या दमटपणाने येतो, त्याची आठवण घरात पहिल्यांदा काडेपेटी करून देई. काडी ओढावी आणि गूल निघून यावा. मग मिठाला पाणी सुटे, चपलांवर बुरशी चढे, पुस्तकांना कसर लागे. आजी काडेपेटी चुलीच्या भाणशीवर ठेवी. आता विचार करा, जिथे काडी पेटत नाही तिथे तोड्याच्या बंदुकीची काय कथा? दारू भिजली, तोडा विझला, की बंदूक म्हणजे काठीच. त्यात नद्या फुगलेल्या, घाट निसरडे, बैल चिखलात रुतलेले. म्हणून आपल्याकडे लढाई हा दसऱ्यानंतरचा उद्योग होता. नद्या उतरल्या, पिके तयार झाली, की सीमोल्लंघन. पावसाळ्यात छावणी. आरमाराचेही तसेच. आज्ञापत्रात आरमाराने पावसाळा कोठे व कसा काढावा, याचाही विचार केलेला आहे. दर्याला नारळ अर्पण करायची नारळी पौर्णिमा आली म्हणजे समुद्राचे दार पुन्हा उघडे.

नियम आहे म्हटल्यावर तो मोडणारा शहाणा निघतोच. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला आणि पावसाळा लागला तरी तो उठवला नाही. त्याची चिकाटी मानली पाहिजे. पण जुलैच्या १२-१३ तारखेच्या रात्री त्याच पावसाच्या काळोखात शिवाजी महाराज गडाबाहेर पडले आणि विशाळगडाकडे निघाले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. शाळेत हा प्रसंग आम्ही तलवारींच्या खणखणाटासह ऐकला. आता वाटते, त्या रात्रीचा पाऊसही नीट ऐकायला हवा होता. सह्याद्रीच्या माथ्यावरचा आषाढातला पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्यालाच त्या वाटेवर पालखी खांद्यावर घेऊन धावणे म्हणजे काय हे कळेल.

पावसाळ्यातल्या दर्याशी खेळू नये, हे आजी आम्हांला एकाच शब्दात सांगे. तो शब्द म्हणजे 'रामदास'. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. महिन्याभराने स्वातंत्र्य आले. अलिबाग तालुक्यातल्या कित्येक घरांत त्या स्वातंत्र्याचे पेढे कोणी वाटले नाहीत. आजीच्या आळीतली एक बाई पुढे कितीतरी वर्षे आषाढात समुद्राकडे पाठ करून बसत असे. मुलांना वाटे, तिला वारा सोसत नाही.

आता इंग्रजांकडे वळू. हे लोक थंड देशातून आले आणि आमच्या हवेत पटापट मेले. मुंबईत नव्याने आलेल्या गोऱ्याचे आयुष्य दोन पावसाळ्यांपुरते, अशी त्यांच्यातच म्हण पडली होती. त्यांनी मग आपल्यापुरते ऋतू बदलण्याचा चंग बांधला. तीन मार्गांनी.

पहिला मार्ग बर्फाचा. अमेरिकेत बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी होता. हिवाळ्यात तिकडची तळी गोठली, की तो बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजांत भरी. १८३३ साली त्याने सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडले. चार महिने प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, आणि तरी सुमारे १०० टन शाबूत पोचले! लवकरच मुंबईलाही बर्फ येऊ लागले. आपल्याकडे काय, मद्रासला काय, बर्फ साठवायला खास घरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथे राहिले होते, म्हणून त्याला आता त्यांचे नाव आहे. मुंबईचे बर्फघर पाडले गेले. कोटातल्या त्या जागेवर आज कामा प्राच्यविद्या संस्था आहे. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह सर्वांना पडसे झाले, अशी एक गोष्ट त्या काळची म्हणून सांगतात. खरी असो वा नसो, मला ती आवडते. घाम गाळणाऱ्या शहराला पडशाची चैन पहिल्यांदाच परवडली होती.

दुसरा मार्ग डोंगराचा. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८२८-२९ च्या सुमारास, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन महाबळेश्वरास ठाणे वसवले गेले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढला. पुढे मुंबई सरकारचा असा परिपाठच पडला, की उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात गणेशखिंडीला आणि हिवाळा मुंबईत. साहेब निघाले, की कागदपत्रांच्या पेट्या, कारकून, चपराशी, स्वयंपाकी, घोडे, सारा लवाजमा घाट चढे. पक्षी स्थलांतर करतात हे ठाऊक होते, पण सरकारही करते, हे इंग्रजांनी दाखवले. मुंबई मागे उरे ती मुंबईकरांसाठी.

तिसरा मार्ग पंख्याचा. छताला टांगलेली लांबलचक फळी, तिला कापडाची झालर आणि तिची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात गेलेली. आत साहेब जेवत, निजत, न्याय देत, प्रार्थना करीत. बाहेर एक माणूस दोरी ओढत बसलेला. तासन्‌तास. बसून हात भरून आले, की तो उताणा पडून दोरी पायाच्या अंगठ्याला बांधी आणि पाय हलवीत राही. झोप लागली, की पंखा थांबे, साहेबाला घाम येई आणि तो उठून बाहेर येई. पुढे काय होई, ते त्या काळच्या कोर्टांच्या दप्तरात आहे. लाथाबुक्क्यांनी पंखेवाला किंवा दुसरा कोणी नोकर मेला, की डॉक्टर साक्ष देत, याची पाणथरी आधीच वाढलेली होती, साध्या धक्क्यानेही फुटली असती. मग आरोपी थोडक्या दंडावर सुटे, किंवा तसाच सुटे. अशी प्रकरणे एक-दोन नव्हेत, हिंदुस्थानभर घडली.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पाणथरी वाढते कशाने? हिवतापाने. हिवताप येतो डासांनी आणि डास वाढतात पावसाळ्याच्या साचलेल्या पाण्यात. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉसने पाहिले ते सिकंदराबादेस, १८९७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसाळ्यातच. एकच ऋतू दोघांच्या वाट्याला आला होता. एकाला त्याने घाम दिला आणि दुसऱ्याला वाढलेली पाणथरी. पहिल्याच्या घामासाठी दुसऱ्याने जीव द्यावा, आणि तो गेला तो ऋतूमुळे, असे कागदावर लिहिले जावे! घामाच्या इतिहासात हे पान निघेल असे मला वाटले नव्हते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारला एकदम साक्षात्कार झाला, की शहरात वाराच शिरत नाही. मांडवीपासून भुलेश्वरापर्यंत खोलीला खोली चिकटलेली, आतल्या खोलीला खिडकी नाही. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा या हेतूने ट्रस्टने पश्चिमेकडून आत रुंद रस्ते कापले. प्रिन्सेस स्ट्रीट त्यांतलाच. आता त्याला शामळदास गांधींचे नाव आहे. सँडहर्स्ट रोडही त्यातलाच. योजना शहाणपणाची होती. मी त्या रस्त्याने कितीदा तरी संध्याकाळी चाललो आहे, आणि मरीन लाइन्सकडून येणारी झुळूक मानेला लागली, की ट्रस्टचे आभार मानले आहेत. पण रस्त्यासाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या, ती सारी माणसे काही त्या रस्त्यावरच्या नव्या माड्यांत राहायला आली नाहीत. भाडे परवडेल तिथे, म्हणजे दुसऱ्या एखाद्या बिनखिडकीच्या खोलीत, ती गेली. वारा आला आणि माणसे गेली.

आमची चाळ या सगळ्यानंतरची. तिला वाऱ्याचे एकच दार होते, ते म्हणजे गॅलरी. मे महिन्यात रात्री दहाला गॅलरीत वळकट्या उलगडायच्या. कोणाची जागा कुठे हे ठरलेले असे, आणि त्यावरून भांडणे होत ती पानिपतापेक्षा लहान नसत. गच्चीची मालकी तरण्या पोरांकडे. कोपऱ्यातली, पश्चिमेच्या झुळकेची जागा मात्र कोणी न सांगता बाळंतिणीला नाही तर आजारी माणसाला दिली जाई. कुठल्या नियमात ते लिहिलेले नव्हते. सगळी चाळ घामाने सारखीच भिजलेली असल्यामुळे कोणाला जास्त होते आहे हे सगळ्यांना दिसत होते.

आणि या हवेने आनंद दिला नाही असे कसे म्हणू? मृगाची पहिली सर आली, की चाळीतली बायका-माणसे वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून गॅलरीत येत आणि कपडे विसरून हात बाहेर काढून उभी राहत. मग बाजारात शेवळे येत, टाकळा येई, फोडशी येई. श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि गणपतीला अळूचे फदफदे. उन्हाळ्यातल्या पन्ह्याचा आणि सोलकढीचा पहिला घोट ज्याने घामाघूम होऊन घेतला नाही, त्याला त्याची चव अर्धीच कळली. थंडी म्हणाल, तर तीही आम्ही एकदा पाहिली. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला. आमच्या मजल्यावर स्वेटर चार आणि माणसे साठ. त्या दिवशी वडील कोट घालून ऑफिसला गेले. संध्याकाळी परतताना त्यांनी पुण्याच्या मावशीला मुद्दाम पोस्टकार्ड टाकले, की इकडे गारठा पडू लागला आहे.

ऋतूंची मोजदाद करणारे लोकही याच शहरात होते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होई. शहरात विजेची ट्राम येणार आणि तिने यंत्रे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या हातून ही हलवाहलव झाली. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ हवामान खात्याचे प्रमुख. पुढचा पावसाळा कसा जाईल हे आधी सांगता यावे, म्हणून ते जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे जुळवीत बसले. त्यातून त्यांना दिसले, की प्रशांत महासागरावरचा दाब आणि हिंदी महासागरावरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली होतात. आजीच्या भाताची दोरी पार पेरू देशापुढच्या समुद्रापर्यंत पोचलेली होती! तिला हे सांगितले असते तर तिने विचारले असते, "तिथले वाहन कोणते?"

पण मोजदाद झाली म्हणून पाऊस शहाणा होत नाही. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला सुमारे ७३. एकाच शहराच्या एका टोकाला लोक छत्री घेऊन फिरत होते आणि दुसऱ्या टोकाला मोटारीत गुदमरून मरत होते. अलीकडे तर वेळापत्रकच हलले आहे. मुंबईतून पावसाने परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली, आणि २०२५ साली पाऊस मुंबईत दाखल झाला तो २६ मे रोजी. मृगाला अजून बारा-तेरा दिवस होते. आजीची कुरडई त्या वर्षी वाळली नसती.

उकाडाही पूर्वीचा राहिलेला नाही. ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा ३५ अंशांवर गेला, तर धडधाकट माणसाचे शरीरही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात, आणि त्याच्या पुष्कळ अलीकडेच माणसे कोसळतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर एका समारंभाला जमलेल्या लाखोंपैकी डझनाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. व्यासपीठावर मांडव होता.

आता तो प्रश्न, जो सांगायचा मी राखून ठेवला होता. बर्फ, डोंगर, पंखा, रुंद रस्ता, प्रत्येक वेळी गारवा कोणाला मिळाला आणि त्याची दोरी कोण ओढत होते? हा प्रश्न मी इंग्रजांना मोठ्या आवेशाने विचारणार होतो. पण लेखाची टिपणे काढीत मी ज्या खोलीत बसलो होतो, तिथे भिंतीवर थंड हवेचे यंत्र चालू होते. आम्ही आता उपनगरात एका उंच इमारतीत राहतो. यंत्र आतली उष्णता उपसून बाहेर टाकते, एवढेच त्याचे कसब. एका दुपारी वीज गेली म्हणून खाली उतरलो. जिन्याच्या मागच्या बोळात अनेक बिऱ्हाडांच्या यंत्रांच्या पेट्या ओळीने लावलेल्या आहेत. त्या बोळाच्या तोंडाशी आमच्या पहारेकऱ्याची पत्र्याची खोली. वीज आली, पेट्या घरघरू लागल्या आणि तापलेली हवा भस्सकन त्याच्या दारात आली. तो सवयीने खुर्ची उचलून दोन हात पलीकडे सरकला. त्याच्या खोलीत पंखा नव्हता. मी त्या इमारतीत आठ वर्षे राहत होतो.

माझी आजी अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेली घागर दान देई. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे आळीतल्या प्रत्येकीला देई. वैशाखभर ओट्याच्या कडेला वाटसरूंसाठी माठ असे, आणि तो भरण्याचे काम आम्हां मुलांकडे होते. मला तेव्हा ते पुण्यकर्म वाटे, नंतर अंधश्रद्धा वाटली, आता वाटते की तो हिशेब होता. या हवेत गारवा हा एकट्याने घ्यायचा पदार्थ नाही, घेतला तर कोणाच्या तरी अंगावर तो तापून पडतो, हे तिला वेधशाळेवाचून कळले होते.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी पंख्याचा विषय काढला. बिल कोणाच्या खात्यावर, या मुद्द्यावर दोन सभा गेल्या. एका गृहस्थांनी विचारले, की पंखा लावला तर तो झोपणार नाही कशावरून? हा प्रश्न मी कुठेतरी आधी वाचला होता. शेवटी पंखा लागला, आणि पेट्यांपुढे एक आडवा पत्राही.

परवा नरकचतुर्दशीच्या पहाटे नातवाला उटणे लावून मी फराळाचे ताट घेऊन खाली गेलो. नातवाने वाटेत विचारले, "आजोबा, उटणे कशाला लावतात?" मी म्हणालो, "थंडी सुरू होते ना." तो माझ्या कपाळाकडे बघून हसला. पहारेकरी खोलीत बसला होता, डोक्यावर पंखा फिरत होता. ताट घेताना त्याने माझ्याकडे पाहिले आणि उठून खुर्ची माझ्यासाठी पंख्याखाली सरकवली.

मी बसलो. आम्ही तिघांनी मिळून चकली खाल्ली. बाहेर उजाडत होते आणि उकडत होते.